मांजर स्वतःलाच चावतं तेव्हा

मांजर दिवसभर स्वतःला चाटतच असतं, त्यामुळे त्याच्या चाटण्याचं दुखणं कधी झालं हे घरच्यांच्या चटकन लक्षात येत नाही. त्याच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. त्या काट्यांनी मेलेले केस निघतात, धूळ निघते, गुंता सुटतो. पण तेच काटे एकाच जागी तासन्‌तास फिरू लागले की केस तुटतात, कातडी लाल होते, आणि मग जिभेच्या जागी दात येतात. पोटावर टक्कल पडतं, मांडीची आतली बाजू सोलवटते, शेपटीचं टोक रक्ताळतं. पुष्कळ मांजरं हे सगळं पलंगाखाली किंवा कपाटावर बसून, एकटी असताना करतात. त्यामुळे आपल्या नजरेला पडते ती थेट जखमच.

मुंबईत शिवाजी पार्कच्या भागात, दादर-माहीमच्या जुन्या इमारतींमध्ये आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांमध्ये मांजर पाळणारी घरं बरीच आहेत. मांजर स्वतःला चावतंय म्हटल्यावर तिथे दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे ‘उष्णता झाली असेल’ आणि दुसरं ‘त्याच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय, सवय लागलीये’. पहिल्या उत्तरानंतर खोबरेल तेल चोळलं जातं आणि दुसऱ्यानंतर काहीच केलं जात नाही. मला दुसरं उत्तर जास्त घातक वाटतं, कारण ते ऐकायला समजूतदार वाटतं आणि त्यामुळे तपासणी थांबते.

या बाबतीत २००६ साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक अभ्यास प्रत्येक मांजरवाल्याने लक्षात ठेवावा असा आहे. चाटून चाटून टक्कल पाडणारी, आणि कारण मानसिक असावं अशा संशयाने त्वचातज्ज्ञांकडे पाठवलेली २१ मांजरं त्यात नीट तपासली गेली. त्यांपैकी १६ जणांना शारीरिक आजार निघाला, बहुतेकांना खाज सुटणाऱ्या त्वचेचा. तिघांना शारीरिक आणि मानसिक अशी दोन्ही कारणं होती. निव्वळ मानसिक कारण निघालं ते फक्त दोघांना. म्हणून ‘मनाचं आहे’ हा निष्कर्ष शेवटी काढायचा असतो. आधी खाज शोधायची, मग वेदना शोधायची, आणि दोन्ही खरोखर नाहीत असं दिसल्यावर मनाकडे वळायचं.

सुरुवात घरूनच करता येते. मांजर नेमकं कुठे चावतं ते आठवडाभर टिपून ठेवा. शेपटीचं मूळ, कंबर आणि मागच्या मांड्या असतील तर पहिला संशय पिसवांवर घ्यावा. मान आणि चेहरा ओरबाडत असेल तर अन्नाची ॲलर्जी किंवा कानातले किडे. नाकाच्या शेंड्यावर आणि कानांच्या कडांवर खपल्या धरत असतील तर डास, कारण काही मांजरांना डासाच्या चाव्याची ॲलर्जी असते आणि मुंबईत डासांचा तुटवडा नाही. फक्त ओटीपोट चाटत असेल तर मूत्राशयाचं दुखणं असू शकतं. म्हाताऱ्या मांजराने एकाच सांध्यावरचे केस उडवले असतील तर तो सांधाच दुखत असण्याची शक्यता मोठी. हे काही निदान नव्हे, पण डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘सगळीकडेच चावतं हो’ असं सांगण्यापेक्षा या टिपणाचा शंभरपट उपयोग होतो.

पिसवांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यांचा वाद होतो. ‘आमचं मांजर सातव्या मजल्यावर राहतं, खाली उतरत नाही, त्याला पिसवा कुठून होणार?’ जिन्यात झोपणारं सोसायटीचं मांजर, शेजारचा कुत्रा, उंदीर, आणि क्वचित आपले कपडेसुद्धा पिसू वर आणतात. शिवाय मुंबईची दमट, उबदार हवा त्यांना बारा महिने मानवते. कडाक्याच्या थंडीने पिसवा मरतील असा ऋतू इथे येतच नाही. ज्या मांजराला पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला अंगभर पिसवा असण्याची गरज नसते, एकदोन चावे पुरतात. आणि ते इतकं चाटत असतं की पिसू गिळून टाकतं, त्यामुळे आपल्याला एकही दिसत नाही.

यासाठी एक सोपी परीक्षा आहे. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा आणि फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच मांजराचं पचलेलं रक्त. डाग पसरला नाही तर बहुधा साधी धूळ. शिवाजी पार्कच्या मैदानाची लाल माती वाऱ्याच्या दिवसांत आसपासच्या गॅलऱ्यांमध्ये येऊन बसते हे रहिवाशांना ठाऊक आहेच, तेव्हा मातीचा रंग आणि रक्ताचा डाग यांत गल्लत करू नका. रक्ताचा डाग ओलाव्याने हळूहळू कडेला पसरत जातो.

पिसवा निघाल्या तर एकदा औषध टाकून भागत नाही. अंगावर दिसणारी मोठी पिसू हा त्यांच्या संख्येतला फार थोडा भाग असतो. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष लाद्यांच्या फटीत, सोफ्याच्या शिवणीत, गादीखाली असतात आणि कोष तर कित्येक आठवडे, कधी महिनेही तसेच वाट पाहत पडून राहतात. म्हणून घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी, निदान तीन महिने सलग औषध, त्याबरोबर अंथरुणं गरम पाण्यात धुणं आणि कोपरे व्हॅक्यूमने काढणं, असा सगळा कार्यक्रम करावा लागतो. पंधरा दिवसांत कंटाळून सोडलेला उपचार हा न केलेल्या उपचारासारखाच.

आता औषधाबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा इशारा. कुत्र्यांसाठी मिळणारे पिसवांचे थेंब मांजरावर कधीही टाकू नका. त्यांतल्या अनेकांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही; थरथर सुटते, झटके येतात आणि मांजर दगावतं. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याला कोणतं औषध लावावं हेसुद्धा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. ‘नैसर्गिक’ म्हणून कडुलिंबाचं किंवा निलगिरीचं तेल, कापूर, टी ट्री ऑइल लावणंही तितकंच चुकीचं, कारण मांजराच्या अंगावर लावलेली प्रत्येक गोष्ट शेवटी त्याच्या पोटात जाते. जखम फिनेलने किंवा डेटॉलसारख्या जंतुनाशकाने पुसू नका. आणि दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका. आपण तापासाठी सहज घेतो त्या एका गोळीने मांजर मरतं.

खाजेचं दुसरं मोठं कारण अन्न. जवळच्या सिटीलाइट बाजारातून आणलेली मांदेली, बोंबलाची डोकी, उकडलेली कोंबडी यांवर आपल्याकडची मांजरं वाढतात, आणि नेमके मासे, कोंबडी, बीफ हेच मांजरांना ॲलर्जी करणाऱ्या पदार्थांत पुढे असतात. वर्षानुवर्षं जे खाल्लं त्याचीच ॲलर्जी पुढे उद्भवू शकते, त्यामुळे ‘लहानपणापासून हेच खातंय’ हा युक्तिवाद टिकत नाही. याची खात्री करायचा एकच भरवशाचा मार्ग आहे. डॉक्टर ठरवून देतील ते खास अन्न निदान आठ आठवडे द्यायचं आणि त्याखेरीज दुसरं काहीही नाही. आजीने प्रेमाने टाकलेला सुकटीचा एक तुकडाही सगळी मेहनत पाण्यात घालवतो. म्हणून हा प्रयोग सुरू करण्याआधी मांजरापेक्षा घरातल्या माणसांना विश्वासात घ्यावं लागतं, त्यात स्वयंपाकाच्या मावशीही आल्या. खाज थांबली तर जुनं अन्न पुन्हा देऊन पाहतात. खाज परतली तर निदान पक्कं. मात्र मनानेच ‘फक्त उकडलेलं चिकन’ असा आहार महिनोन्‌महिने चालवू नका. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातून मिळावं लागतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात.

गजकर्ण, खरूज, बुरशी, जंतुसंसर्ग यांचा शोध डॉक्टर त्वचेचा खरवडा आणि केस तपासून घेतील. सूक्ष्मदर्शकाखाली केसाचं टोक तुटलेलं दिसलं तर मांजरच केस तोडतंय. टोक निमुळतं, अखंड असेल तर केस आपोआप झडतायत आणि शोध वेगळ्या दिशेने न्यायला हवा. गजकर्ण माणसांनाही होतं. घरात लहान मूल असेल आणि त्याच्या अंगावर गोल चट्टा उठला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

खाज झटपट थांबावी म्हणून स्टेरॉइडचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन घेण्याचा मोह होतो. काही वेळा त्याची खरोखर गरज असते. पण कारण न शोधता दर दोन महिन्यांनी ‘तेच टोचून द्या’ म्हणणं बरं नाही. वारंवार स्टेरॉइड दिलेल्या मांजरांना मधुमेह होण्याचा धोका असतो.

आता वेदनेकडे वळू. मूत्राशयाला सूज आलेलं मांजर ओटीपोट चाटत राहतं. बोका वारंवार मातीच्या (लिटरच्या) भांड्यात बसतो, ओरडतो आणि लघवी होत नाही असं दिसलं तर ती तातडीची वेळ समजा. उद्या नव्हे, त्याच दिवशी दवाखाना गाठा, मूत्रमार्ग तुंबलेला बोका एकदोन दिवसांत दगावू शकतो.

आणि मग ते चमत्कारिक झटके. मांजर शांत बसलेलं असतं आणि एकाएकी पाठीवरची कातडी लाटेसारखी थरथरते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, ते दचकून शेपटीकडे वळतं, जणू शेपटी दुसऱ्याच कुणाची असावी तसं तिच्यावर तुटून पडतं, मग घरभर धावत सुटतं. काही सेकंदांत किंवा मिनिटांत सगळं शांत. डॉक्टर याला फीलाइन हायपरएस्थेशिया म्हणतात. बहुधा तरुण वयात हे सुरू होतं. त्यात त्वचेची खाज, मज्जातंतूंची वेदना, अपस्मारासारखा झटका आणि मनाचा ताण यांपैकी किती वाटा कशाचा, हे प्रत्येक मांजरागणिक वेगळं निघतं. २०१९ साली शेपटीला इजा करून घेणाऱ्या अशा सात मांजरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही प्रत्येकाला लागू पडलेली औषधं सारखी नव्हती. तेव्हा दुसऱ्याच्या मांजराची चिठ्ठी आपल्या मांजरासाठी वापरू नका. दवाखान्यात नेल्यावर हा झटका सहसा येत नाही, म्हणून घरी मोबाइलवर चित्रण करून ठेवा. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना जे सांगतो ते आपल्या दहा मिनिटांच्या वर्णनाला जमत नाही.

हे सगळं पाहून झालं, हाती काही लागलं नाही, किंवा शारीरिक उपचार होऊनही चावणं उरलं, की मग ताणाचा विचार करायचा. आणि शिवाजी पार्कच्या मांजराला ताण येण्याजोगं भोवताली भरपूर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला, तरी काही दिवसांना सवलत मिळते. सभा, मिरवणुका, दिवाळीचे फटाके असतातच. माणसाला ऐकू येतात त्याच्या तिप्पट वरच्या पट्टीचे आवाज मांजराला ऐकू येतात, एवढं लक्षात घेतलं तरी त्याची अवस्था कळावी. पण माझ्या मते याहून मोठा त्रास पुनर्विकासाचा आहे. शेजारची तीन मजली इमारत पाडली जाते, मग पायलिंग, मग ड्रिलिंग, आणि हे वर्षानुवर्षं. किंवा आपलीच इमारत रीडेव्हलपमेंटला जाते. जिथे मांजराने गॅलरीचा कठडा, जिना, शेजारणीचं स्वयंपाकघर असं स्वतःचं राज्य वसवलेलं असतं तिथून ते एकदम भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन पडतं. माणसांना नव्या घराचा ताबा मिळण्याची आशा तरी असते. मांजराला फक्त एवढंच कळतं की ओळखीचा वास गेला.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की खाण्याची वेळ बदलणं, सांभाळणारा माणूस बदलणं यांसारख्या बदलांनी अगदी निरोगी मांजरंही आजारी असल्यासारखी वागू लागतात. खाणं सोडतात, ओकतात, भांड्याबाहेर घाण करतात. म्हणून उपचाराची सुरुवात दिनक्रम घट्ट बांधण्यापासून करावी. जेवण ठरल्या वेळी. खेळ दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटांचाच, पण शिकारीसारखा. दोरीला बांधलेलं पीस आधी लपवा, मग पळवा, शेवटी त्याला पकडू द्या आणि लगेच खायला द्या. लेझरच्या ठिपक्यामागे पळवून काहीच हाती न लागू देणं अशा मांजरांना आणखी चिडवतं. बसायला उंच जागा हवी; जुनं कपाट, खिडकीशी लावलेली भक्कम फळी चालते. लपायला पुठ्ठ्याचा खोका. मातीची भांडी मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि वॉशिंग मशीनच्या बाजूला नकोत. खिडकीला जाळी लावली असेल आणि खालच्या पत्र्यावर रोज एक अनोळखी बोका येऊन बसत असेल तर त्या काचेचा खालचा अर्धा भाग कागदाने झाका. समोर शत्रू दिसतो, त्याच्यापर्यंत जाता येत नाही, आणि तो राग मग स्वतःच्या शेपटीवर निघतो.

नव्या घरात जायचं असेल तर आधी एकच खोली तयार करा, त्याची जुनी न धुतलेली चादर तिथे अंथरा, आणि काही दिवस त्याला तिथेच राहू द्या. दिवाळीत किंवा सभेच्या दिवशी रस्त्यापासून लांबची खोली, ओढलेले पडदे, चालू पंखा आणि उघडं कपाट एवढी व्यवस्था आधीच करून ठेवा.

चावताना पाहून ओरडू नका, पाणी मारू नका, पायाने ढकलू नका. भीतीने मांजर तुमच्यासमोर चावायचं थांबेल आणि पलंगाखाली दुप्पट चावेल. उचलून कुरवाळूही नका. झटक्यात असलेलं मांजर तुम्हालाच फोडून काढेल. लांबवर एखादा चेंडू घरंगळत सोडा, खाऊचा डबा वाजवा, लक्ष दुसरीकडे जाऊ द्या.

एवढं करूनही थांबलं नाही तर फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रॅमिन, गॅबापेन्टिन यांसारखी औषधं पशुवैद्य देतात. नावं माणसांच्या औषधांची आहेत म्हणून दचकायचं कारण नाही आणि घरात कुणाची असतील तर त्यातली देण्याचा विचारही करायचा नाही. मांजराचा डोस वजनाप्रमाणे अगदी वेगळा असतो. मनावर काम करणाऱ्या पहिल्या दोन औषधांचा खरा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून ती एकदम थांबवू नका, काही महिन्यांनी डॉक्टर हळूहळू डोस उतरवतात. माणसाच्या मनाच्या औषधांबद्दल आपल्याकडे जो संकोच आहे तो निदान मांजरापर्यंत पोचवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जखम उघडी असेपर्यंत गळ्यात कोन घालावाच लागतो. तो केविलवाणा दिसतो म्हणून काढून टाकू नका. मऊ कापडाचेही कोन मिळतात. फक्त त्यात नीट खाता-पिता येतंय ना ते पाहा. कोनाने जखम भरते, आजार जात नाही, तेव्हा तपासणी त्याच काळात उरकून घ्या. शेपटीला घरी पट्टी आवळून बांधू नका. रक्तपुरवठा बंद होऊन शेपटी काळी पडते.

एका प्रसंगी मात्र हात लावायचा नाही. बाहेर फिरणारं, लस न टोचलेलं मांजर अचानक स्वतःला चावू लागलं, वागणं पार बदललं, लाळ गळू लागली, अंगावर येऊ लागलं, तर रेबीजचा संशय धरा. त्याला खोलीत बंद करून पशुवैद्यांना कळवा. ते चावलं किंवा त्याने ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी महापालिकेचं रुग्णालय गाठा.

दवाखान्यांच्या बाबतीत आपला भाग सुदैवी आहे. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला जुनी माणसं अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, आणि त्याच्या आवारातलं १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय शिवाजी पार्कहून टॅक्सीने हाकेच्या अंतरावर आहे. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. जवळच्या डॉक्टरांनी प्राथमिक तपासणी केल्यावर त्वचेचा किंवा मज्जासंस्थेचा तज्ज्ञ हवा असेल तर चिठ्ठी मागून घ्या. जाताना टिपण, व्हिडिओ, आधीच्या औषधांची पाकिटं बरोबर ठेवा आणि पिंजऱ्यावर चादर टाका.

शेवटी एक विनंती. औषधं चालू असूनही चावणं पुन्हा उफाळतं, खर्च वाढतो, घर कंटाळतं, आणि मग असं मांजर रात्री मासळीबाजाराजवळ नेऊन सोडलं जातं. ‘तिथे खायला मिळेल’ ही समजूत खोटी आहे. घरात वाढलेलं, जखमी शेपटीचं मांजर तिथल्या बोक्यांपुढे टिकत नाही. उपासमार होईल अशा ठिकाणी पाळीव प्राणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. सांभाळणं खरोखरच जमत नसेल तर आपल्या डॉक्टरांना तसं उघड सांगा आणि दुसरं घर शोधायला त्यांची मदत मागा.